विद्यार्थ्यांना घेऊन परदेशी वैद्यकीय मिशन ट्रिपला जावं का?

औषधवाली:

सर्वांना नमस्कार आणि सलाम.

मी फार्मासिस्ट आहे. १६ वर्षं रुग्णालयाच्या औषधभांडारात काम करते. आमच्या चर्चच्या मंडळीत मेडिकल, नर्सिंग आणि फिजिओथेरपीच्या विद्यार्थ्यांचा एक गट आहे, १४ जणांचा. त्यांना सुट्टीत दोन आठवडे पश्चिम केनियात एका मिशन हॉस्पिटलच्या आसपासच्या गावांमध्ये सेवेला जायचं आहे. बरोबर दोन डॉक्टर, एक पाळक आणि औषधांचं बघायला मी, असा बेत आहे. मला जायची मनापासून इच्छा आहे. कॉलेजात असल्यापासून आहे, पण आधी परिस्थिती नव्हती आणि नंतर मुलं लहान होती.

परवा कार्यक्रमाचा कागद हातात आला. रोज नवं गाव, सकाळी प्रार्थना, मग तंबूत तपासणी आणि औषधवाटप. दिवसाला ३०० रुग्ण. रात्री झोप येईना म्हणून हिशेब मांडला. आठ तास काम धरलं तरी दोन डॉक्टरांना प्रत्येकी १५० रुग्ण, म्हणजे एका माणसाला तीन मिनिटं आणि थोडे सेकंद. त्यातच दुभाषा बोलणार. आणि औषध देणारी मी एकटी, म्हणजे माझ्याकडे माणशी दीड मिनिट. त्या दीड मिनिटात गर्भवती आहे का, आधीची औषधं काय, मुलाचं वजन किती, हे मी कसं विचारणार?

विद्यार्थी उत्साहात आहेत आणि मुलं खरंच चांगली आहेत. त्यांचा हिरमोड करायचा नाही. पण आपण जाऊन कुणाचं नेमकं काय बरं होणार, हे मला जाण्याआधी कळायला हवं. गेलेल्यांनी, न गेलेल्यांनी, सगळ्यांनी मोकळेपणाने लिहा.

वाटसरू:

ताई, जा. इच्छा इतक्या वर्षांची आहे, आता संधी आली आहे. तिथे औषधच मिळत नाही अशा माणसाला तीन मिनिटं मिळाली तरी शून्यापेक्षा जास्तच.

जुनी_सिस्टर:

वाटसरू, पूर्वी मीही अगदी हेच म्हणायचे. म्हणून माझा अनुभव सविस्तर लिहिते.

मी मलावीला दोनदा गेले, दोन्ही वेळा विद्यार्थ्यांच्या गटाबरोबर. पहिल्या वर्षी आम्ही अशीच गावोगावची शिबिरं केली. एका गावात पन्नाशीच्या एक बाई आल्या. बीपी १९० वर ११०. डॉक्टरांनी अ‍ॅम्लोडिपिन लिहिलं, आम्ही ३० गोळ्या दिल्या, रोज एक घ्या म्हणून दुभाष्याकरवी सांगितलं. बाईंनी माझे दोन्ही हात हातात घेतले. त्या रात्री मी प्रार्थनेत त्यांचं नाव घेतलं.

पुढच्या वर्षी त्याच गावात गेलो तेव्हा त्या स्वतःहून भेटायला आल्या. पदराच्या गाठीसारखी कापडाची गाठ सोडली आणि आत पाच गोळ्या. इतक्या मोलाची वस्तू संपून जाऊ नये म्हणून डोकं फार दुखेल त्याच दिवशी एक घ्यायच्या. बीपी आदल्या वर्षीइतकंच. मला वाटत होतं की आपण एक जीव वाचवला. प्रत्यक्षात आपण त्यांना सांगितलं होतं की तुम्हाला आजार आहे, आणि मग निघून आलो होतो.

सगळ्यात लागलं ते पुढेच. चालत दोन तासांवर ख्रिस्ती मिशनचं आरोग्य केंद्र होतं आणि तिथे बीपीच्या गोळ्या असायच्या. मलावीत मिशनची रुग्णालयं सरकारशी करार करून कितीतरी भागांत सेवा देतात. आम्ही त्या केंद्रातल्या सिस्टरना भेटलोसुद्धा नव्हतो. त्या बाईंच्या हातात ३० गोळ्यांऐवजी त्या केंद्राच्या नावाची चिठ्ठी दिली असती, आणि एका विद्यार्थ्याने बरोबर चालत जाऊन त्यांचं कार्ड काढून दिलं असतं, तर ते औषध आजही चालू असतं.

औषधवाली, तुझ्या कागदावर त्या मिशन हॉस्पिटलमधल्या कुणाचं नाव आहे का? म्हणजे रोजच्या शिबिरात त्यांचा माणूस बरोबर असणार आहे का?

औषधवाली:

ताई, वाचून बराच वेळ गप्प बसले.

नाही, कागदावर हॉस्पिटलचा उल्लेख फक्त "निवासव्यवस्था" या शब्दापुढे आहे.

टाकेवाला:

मी शल्यचिकित्सक. ताईंच्या अनुभवाशी पूर्ण सहमत, तरी एक बाजू मांडतो, नाहीतर सगळ्या लहान मुदतीच्या सेवा निरुपयोगी असं चित्र व्हायचं.

मोतीबिंदू, दुभंगलेला ओठ, हर्निया अशी एकदा केली की बहुतांशी संपणारी कामं असतात. तिथे बाहेरून आलेला कुशल हात खरोखर उपयोगी पडतो. रक्तदाब, मधुमेह, अपस्मार ही जन्माची सोबत असते, तिथे दोन आठवडे काही कामाचे नाहीत. हा फरक विद्यार्थ्यांना आधी शिकवा.

शस्त्रक्रियेतही नंतरचं कोण बघणार हा प्रश्न सुटत नाही. मर्सी शिप्स ही ख्रिस्ती संस्था १९७८ पासून रुग्णालयाची जहाजं चालवते. त्यांचं जहाज एका बंदरात महिनोन्‌महिने थांबतं. आधी रुग्ण निवडतात, मग शस्त्रक्रिया, मग जखम भरेपर्यंत देखभाल, आणि त्याच काळात तिथल्या डॉक्टर-नर्सना शिकवणं. शुक्रवारी हर्निया करून शनिवारी विमानात बसणारा सर्जन आणि हे, यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. रविवारी त्या माणसाला ताप आला तर तो कुणाचं दार ठोठावणार?

दगडफूल:

मला एक स्पष्ट विचारायचं आहे, कुणाला दुखवायचा हेतू नाही. मी ख्रिस्ती नाही. "सकाळी प्रार्थना, मग तपासणी" हा क्रम खटकला. ताप आलेलं मूल कडेवर घेऊन तीन तास चालत आलेली आई प्रार्थनेला नको म्हणू शकते का? तिला वाटणारच की इथे बसलं नाही तर औषध मिळणार नाही. कुणी तसं म्हटलं नसलं तरी वाटणार. आजारी माणसाची गरज आणि आपली श्रद्धा एकाच रांगेत उभी करणं मला बरोबर वाटत नाही.

आपत्तीतल्या मदतीसाठी रेड क्रॉस आणि इतर संस्थांनी १९९४ साली जी आचारसंहिता केली तिच्यातही हेच आहे, की मदत ही कुठलीही राजकीय वा धार्मिक भूमिका पुढे नेण्यासाठी वापरायची नाही. आणि ती पाळणाऱ्यांत ख्रिस्ती संस्थाही आहेत.

पाळकपुत्र:

दगडफूल, दुखावलं नाही. उलट आमच्यापैकी कुणीतरी हे आधी विचारायला हवं होतं.

माझे वडील पाळक. मी स्वतः तीन वेळा अशा ट्रिपला गेलो आहे, बिगरवैद्यकीय माणूस म्हणून: पाणी भरणं, रांग लावणं, नोंदी. आम्ही श्रद्धेपोटी जातो हे खरं, आणि ते लपवून जाणं मला अप्रामाणिक वाटतं. पण क्रमाबद्दल तुमचं बरोबर आहे. आमच्या दुसऱ्या ट्रिपला ज्या हॉस्पिटलने आम्हाला बोलावलं होतं त्यांच्या चॅप्लेनबाईंनी, म्हणजे हॉस्पिटलच्या पाळकबाईंनी, पहिल्याच दिवशी बजावलं: गटाची प्रार्थना गटाने सकाळी आपल्या खोलीत करायची. रुग्णासमोर प्रार्थनेचा विषय रुग्णाने काढला तरच, तोही औषध हातात पडल्यावर, आणि तेव्हाही विद्यार्थ्याने मला बोलवायचं, कारण भाषा मला येते आणि उद्या इथे मी असणार आहे.

तो शेवटचा भाग माझ्या मनात राहिला. उद्या इथे असणार कोण?

बायबलमधली चांगल्या शोमरोन्याची गोष्ट, वाटेत जखमी पडलेल्या अनोळखी माणसाला मदत करणाऱ्या प्रवाशाची, आम्ही सगळे लहानपणापासून ऐकतो. जखमा बांधल्या, आपल्या जनावरावर बसवलं, इथपर्यंत सगळ्यांना पाठ असतं. पण गोष्ट तिथे संपत नाही. तो त्या जखमी माणसाला उतारशाळेत नेतो, राखणदाराच्या हाती दोन दिनार देतो आणि सांगतो, याची काळजी घे, जास्त खर्च झाला तर परत येईन तेव्हा देईन. म्हणजे तोही वाटेवरचाच माणूस होता, त्यालाही पुढे जायचं होतं. म्हणून त्याने कायम तिथे राहणाऱ्याला गाठलं, त्याचा खर्च उचलला आणि परत येण्याचा शब्द दिला. औषधवालीताई, तुमच्या बेतात राखणदार फक्त खोल्या देतोय, बाकी त्याला काही विचारलेलंच नाही.

दगडफूल:

ही गोष्ट मला माहीत होती, पण राखणदाराकडे माझं लक्ष कधी गेलं नव्हतं. त्या चॅप्लेनबाईंसारखी व्यवस्था असेल तर माझा आक्षेप उरत नाही.

अंतिम_वर्ष:

बरेच दिवस वाचनमात्र होते, आज लिहायचं धैर्य करते.

मी तिसऱ्या वर्षाला असताना अशा एका ट्रिपला गेले होते. देश आणि संस्था सांगत नाही. दुसऱ्या दिवशी गर्दी इतकी वाढली की आमच्यातल्या सीनियरने मला विचारलं, गळू फोडशील का? मी ते फक्त दोनदा पाहिलं होतं. सात-आठ वर्षांचा मुलगा, मांडीवर मोठं गळू. भूल पुरेशी लागली नव्हती हे मला त्याच्या ओरडण्यावरून कळलं आणि तरी मी थांबले नाही, कारण अर्धवट सोडायचं कसं हेही मला माहीत नव्हतं. पू निघाला, सगळ्यांनी शाबासकी दिली, फोटो काढला. परत आल्यावर तो फोटो मी काही दिवस लावलाही होता.

माझ्या कॉलेजमध्ये मला कुणी हे करू दिलं नसतं. तिथे करू दिलं, कारण तो मुलगा गरीब होता आणि तक्रार करणार नव्हता. हे वाक्य स्वतःशी म्हणायला मला दोन वर्षं लागली. त्याची जखम नंतर कुणी बघितली का, मला माहीत नाही.

ताई, तुमच्या १४ जणांमध्ये माझ्यासारखी कुणी नक्की असेल. तिला कुणीतरी नाही म्हणायला हवं. आपण होऊन ती म्हणणार नाही, कारण त्या क्षणी नाही म्हणणं म्हणजे सेवेला मागे हटणं वाटतं.

जुनी_सिस्टर:

बाळ, हे लिहिलंस ते फार मोठं काम केलंस. जवळ असतीस तर पाठीवर हात ठेवला असता.

ओपीडी_मास्तर:

अंतिम_वर्ष, तुमचा प्रतिसाद मी माझ्या विद्यार्थ्यांना वाचून दाखवणार आहे, अर्थात परवानगी असेल तर.

मी शिकवतो, आणि परदेशी पोस्टिंगला जाणाऱ्या मुलांची तयारी करून घेतो. हा प्रश्न इतक्यांना पडला की त्यावर नियमही झाले. २०१० मध्ये जागतिक आरोग्य प्रशिक्षणातल्या नीतीविषयी एका कार्यगटाने मार्गदर्शक तत्त्वं छापली. २०११ मध्ये अमेरिकेतल्या वैद्यकीय महाविद्यालयांच्या संघटनेने विद्यार्थ्यांसाठी वेगळी सूचना काढली. गाभा एका ओळीत सांगता येतो: जे तुम्हाला तुमच्या कॉलेजात देखरेखीशिवाय करू देत नाहीत, ते तिथेही करायचं नाही. डॉक्टरांनाही हे चुकत नाही. केनियात बाहेरच्या डॉक्टरला तिथल्या वैद्यक परिषदेचा तात्पुरता परवाना काढावा लागतो. तुमच्या दोन डॉक्टरांनी तो अर्ज केला आहे का, ते आजच विचारा. आपल्या गावात कुणी परदेशी माणूस तंबू ठोकून बिनपरवान्याने प्रॅक्टिस करू लागला तर आपण काय म्हणू?

मग विद्यार्थ्यांनी करायचं काय, असं मुलं लगेच विचारतात. शिकायचं. कुणाकडून, तर क्लिनिकल ऑफिसरांकडून. ते एमबीबीएस नसतात, पण काही वर्षांचं पक्कं शिक्षण घेतलेले असतात आणि पूर्व आफ्रिकेतल्या ग्रामीण आरोग्यसेवेचा मोठा भार त्यांच्यावर आहे. मलावीच्या जिल्हा रुग्णालयांत बहुतेक सिझेरियन तेच करतात. एक्स-रे बंद असताना छातीवर नुसत्या बोटांनी ठोकून पाणी कुठवर आहे ते सांगणारा क्लिनिकल ऑफिसर मी पाहिला आहे. आमची मुलं त्याच्याकडून चार आठवडे शिकली तर जन्मभर पुरेल.

सोनचाफा:

अवांतर, पण राहवत नाही. केनियात काही महिने राहिले होते. स्वाहिलीत औषधाला "दावा" म्हणतात, आपली दवाच, दोन्हीकडे अरबीतून आलेली. आणि दुकानाला "डुका"! पहिल्या दिवशी औषधाच्या दुकानाची पाटी वाचून मला हर्ष झाला. औषधवालीताई, तुम्ही तिथे गेल्या गेल्या "दावा"वाल्या होणार.

आणखी एक शब्द पाठ करून जा: "पोले". कुणाला लागलं, कुणी दमलं, कुणाचं कुणी गेलं, तर "पोले साना" म्हणतात. माफी मागायची म्हणून नाही, तुमच्या दुःखात आहे एवढंच. विद्यार्थ्यांना बाकी काही आलं नाही तरी हे यावं. आणि बोलताना तोंड रुग्णाकडे ठेवायचं, दुभाष्याकडे नाही. घरातल्या लहान मुलाला दुभाषा करायचं नाही, आईच्या अंगावरून काय जातंय ते दहा वर्षांच्या मुलाला सांगायला लावू नये.

औषधवाली:

सोनचाफा, "दावा" वाचून आज पहिल्यांदा हसू आलं. पोले लिहून घेतलं.

आता माझ्या खात्याचं. काल गटाने गोळा केलेली औषधं बघायला गेले. सात खोकी. निम्मी डॉक्टरांना मिळालेली सॅम्पल्स, काही लोकांच्या घरची उरलेली पाकिटं, फोडलेली सिरप. बऱ्याच पट्ट्यांची मुदत तीन-चार महिन्यांत संपते. लोकांनी प्रेमाने दिली आहेत, एका आजींनी गेलेल्या यजमानांच्या हृदयाच्या गोळ्या दिल्या आहेत. ते पाकीट हातात घेऊन मी उभी राहिले.

पण जागतिक आरोग्य संघटनेच्या औषधदानाच्या मार्गदर्शक सूचना १९९६ पासून आहेत आणि त्यात हे स्वच्छ आहे: रुग्णांनी परत केलेली औषधं आणि मोफत नमुने पाठवायचे नाहीत, तिथे पोचताना निदान एक वर्षाची मुदत उरलेली असावी, लेबल तिथल्या डॉक्टर-फार्मासिस्टना कळणाऱ्या भाषेत असावं, आणि मुळात घेणाऱ्याने मागितलेलंच औषध द्यावं. केनियात औषध आत न्यायला त्यांच्या औषध मंडळाची परवानगीही लागते. सातपैकी एकही खोकं यात बसत नाही.

हे सगळं नेलं तर काय होईल तेही मला माझ्या कामामुळे डोळ्यांसमोर दिसतं. तिथल्या फार्मासिस्टच्या कपाटात दहा ब्रँडची चार-चार पाकिटं येऊन पडतील. त्यांच्या मलेरियाच्या उपचारात एक ठरलेलं औषध आहे, आर्टेमेथर-ल्युमेफँट्रिन: तीन दिवसांत सहा मात्रा, दुसरी आठ तासांनी, आणि स्निग्ध खाण्याबरोबर घ्यायची. तिथल्या माणसांना त्याचं पाकीट ओळखीचं झालेलं असतं, आयांना माहीत असतं की मूल बरं दिसलं तरी सहाही संपवायच्या. त्यात आपण वेगळ्या रंगाचं, वेगळ्या ताकदीचं काही आणून दिलं तर वर्षानुवर्षं बसवलेली घडी आपण विस्कटू. मुदत संपलेल्यांची विल्हेवाटही त्यांच्याच गळ्यात.

आजींना काय सांगायचं ते ठरवते आहे.

पाळकपुत्र:

आजींना खरंच सांगा, ताई. समजून घेतील. ती पाकिटं त्यांना स्वतः नेऊन द्या, कुणाच्या हाती पाठवू नका.

वाटसरू:

सगळे प्रतिसाद वाचले. माझं पहिलं वाक्य मागे घेतो, शून्यापेक्षा जास्त हे नेहमी खरं नसतं.

पण एक भीती वाटते. इतक्या अटी ऐकल्या तर कुठलाच विद्यार्थी जाणार नाही. माझा धाकटा भाऊ विसाव्या वर्षी असाच दोन आठवड्यांसाठी गेला होता. त्याने तिथे कुणाला बरं केलं नाही, पण परत आला तो वेगळा माणूस होऊन. आज तो एका दूरच्या मिशन हॉस्पिटलमध्ये अकरा वर्षं काम करतो आहे. ते दोन आठवडे नसते तर ही अकरा वर्षंही नसती.

जुनी_सिस्टर:

तुझ्या भावाला माझा नमस्कार सांग. आणि न जाण्याचं मी म्हणतच नाही. मी दुसऱ्यांदा गेलेच ना? जायचं, पण पाहुणा म्हणून, शिकायला. तुझा भाऊ तसाच गेला असणार, म्हणून त्याला ते बोलावणं ऐकू आलं.

शिळाप्रेस:

या चर्चेत एक जुनी आठवण ठेवतो. आपण स्वतः अशा मिशनच्या घेणाऱ्या बाजूला होतो. डॉ. विल्यम वॉनलेस १८८९ मध्ये आले, १८९४ मध्ये मिरजेचं इस्पितळ उभं राहिलं आणि १९२८ पर्यंत ते इथेच होते. जवळजवळ चाळीस वर्षं. इथल्या मुलांना वैद्यक शिकवलं.

वेल्लोरच्या आयडा स्कडर यांचंही तसंच. तरुणपणी एका रात्री तीन घरचे पुरुष त्यांच्याकडे आले, तिघांच्याही बायका बाळंतपणात अडलेल्या, आणि पुरुष डॉक्टर नको म्हणून तिघी गेल्या. मग त्या अमेरिकेत परत जाऊन डॉक्टर झाल्या आणि १९०० मध्ये वेल्लोरला एका खाटेपासून काम सुरू केलं. १९१८ मध्ये त्यांनी इथल्या मुलींसाठी वैद्यकीय शाळा काढली, ती मला सगळ्यात मोठी गोष्ट वाटते. आपल्या दोन हातांनी किती बाळंतपणं होणार याचा हिशेब त्यांनी ताईंसारखाच मांडला असणार.

उलट उदाहरणही आहे. आल्बर्ट श्वाइट्झर १९१३ मध्ये गॅबनमधल्या लांबारेनेला गेले, १९५२ चं नोबेल शांतता पारितोषिक त्यांना मिळालं, आणि त्यांच्या त्यागाबद्दल शंका नाही. तरी आफ्रिकी माणसांकडे ते वडीलधाऱ्याच्या नजरेने पाहत, ही टीका त्यांच्या हयातीतच झाली.

टाकेवाला:

शिळाप्रेस, याच वाटेवरचं आजचं उदाहरण: पॅन-आफ्रिकन अकॅडमी ऑफ ख्रिश्चन सर्जन्स, १९९६ पासून. आफ्रिकेतल्या मिशन हॉस्पिटलांमध्येच आफ्रिकी डॉक्टरांना पाच वर्षं शिकवून सर्जन करतात. मी गेल्या खेपेला तिथल्या एका निवासी डॉक्टरला मदतनीस म्हणून उभा राहिलो. सुरी त्याच्या हातात, छेद उघडा धरायचा रिट्रॅक्टर माझ्या हातात. मला तीस वर्षांत इतकं समाधान क्वचित मिळालं.

औषधवाली:

सगळ्यांना उशिरा उत्तर देते आहे, मधले दहा दिवस धावपळीचे गेले.

जुन्या सिस्टरताईंनी विचारलेला प्रश्न डोक्यातून जाईना म्हणून मी सरळ त्या हॉस्पिटलच्या फार्मासिस्टना पत्र लिहिलं. आम्ही येणार आहोत हे तुम्हाला कसं वाटतं, आमच्याकडून काय हवं आहे आणि काय नको आहे, एवढं विचारलं. चौथ्या दिवशी उत्तर आलं, फार आपुलकीचं आणि फार स्पष्ट. त्यांचं पत्र इथे टाकणं बरं नाही, सारांश देते.

शिबिरं नको आहेत. मागे एका गटाच्या शिबिरानंतर त्यांच्या बीपीच्या क्लिनिकचे नियमित रुग्ण दोन महिने आले नाहीत, कारण फुकट गोळ्या मिळाल्या होत्या. त्या संपल्यावर आले ते बीपी वाढवून. १४ विद्यार्थी त्यांना झेपणार नाहीत, वॉर्डात सहाच मावतात, आणि दोन आठवड्यांत मुलांना वॉर्डाची वाटच सापडते, तेव्हा चार आठवडे यावं. औषधं अजिबात आणू नयेत. माझ्याकडून त्यांना साठ्याची नोंदवही हवी आहे. कुठलं औषध महिन्याला किती लागतं, मागणी कधी नोंदवायची, हे त्यांच्या दोन सहायकांबरोबर बसून लावून द्यायचं. गेल्या पावसाळ्यात लहान मुलांचं मलेरियाचं औषध तीन आठवडे संपलं होतं, आणि दुखणं औषधाच्या तुटवड्याचं नव्हतं, मागणी उशिरा गेली होती. ते वाचलं आणि मला माझं काम कळलं. हे मला येतं. हे मी १६ वर्षं करते आहे.

मग गटासमोर बसलो. सोपं गेलं नाही. दोघी रडल्या. एकाने विचारलं की मग आपण सेवा काय करणार, नोंदवही भरणार? पाळकांनी काही उत्तर दिलं नाही, फक्त उतारशाळेच्या राखणदाराचा उतारा वाचला (पाळकपुत्र, तुमचा प्रतिसाद मी त्यांना छापून दिला होता). अंतिम_वर्ष, तुमचाही प्रतिसाद नाव न घेता वाचला, त्यानंतर खोलीत बराच वेळ कुणी बोललं नाही.

ठरलं ते असं. यंदा सहा जण, अंतिम वर्षाचे आणि इंटर्न, चार आठवडे. उरलेले आठ जण दोन वर्षांत टप्प्याटप्प्याने, त्याच हॉस्पिटलला, दुसरीकडे कुठे नाही. दोन्ही डॉक्टरांनी परवान्याचा अर्ज केला आहे. सकाळची प्रार्थना आम्ही आमच्या खोलीत करणार. खोकी परत केली. आजींकडे मी स्वतः गेले. त्यांनी पाकीट घेतलं आणि म्हणाल्या, बरं झालं आणून दिलंस, देताना हात जड झाला होता.

अंतिम_वर्ष:

ताई, मला तुमच्याबरोबर यायला आवडलं असतं.

ओपीडी_मास्तर:

उत्तम. आता जाण्याआधीच्या गोष्टी, कारण मुलं या विसरतात. पिवळ्या तापाची लस अधिकृत केंद्रातच, आणि प्रमाणपत्र लस घेतल्यापासून दहा दिवसांनी लागू होतं, तेव्हा शेवटच्या आठवड्यावर टाकू नका. पश्चिम केनियात मलेरिया आहे. डॉक्सीसायक्लिन घेणार असाल तर परत आल्यावरही चार आठवडे रोज घ्यायची, मुलं घरी आली की बंद करतात. सुई टोचली तर लपवायचं नाही. एचआयव्ही प्रतिबंधक औषध ७२ तासांच्या आत सुरू व्हायला हवं, खरं तर काही तासांतच, आणि २८ दिवस घ्यायचं. ते औषध हॉस्पिटलात कुठल्या कपाटात आहे आणि रात्री चावी कुणाकडे असते, हे पहिल्याच दिवशी सहाही जणांना माहीत हवं. रात्रीचा रस्त्याचा प्रवास नको, कुणी कितीही आग्रह केला तरी.

फोटोंचाही नियम आधीच करा. वॉर्डात फोन खिशात.

औषधवाली:

सर, सगळं लिहून घेतलं. लसी परवा झाल्या.

जुन्या सिस्टरताई, एक विचारायचं राहिलं. पत्राच्या शेवटी त्यांनी लिहिलं आहे की काही आणायचंच असेल तर बीपी मोजायचे पट्टे आणा. कुठले घेऊ?

जुनी_सिस्टर:

मापं त्यांनाच विचार, पण लहान आणि मोठे दोन्ही लागतात. जाड दंडाला साधा पट्टा बांधला की बीपी खोटं जास्त दिसतं, बारीक दंडाला खोटं कमी, आणि मग चुकीच्या माणसाला गोळ्या सुरू होतात. हाताने फुगवायचं यंत्र घे, बॅटरीवरचं नको. जास्तीचे रबरी फुगे आणि व्हॉल्व्ह घे, आधी तेच जातात. आणि यंत्र नेण्याआधी तुमच्या रुग्णालयातल्या खात्रीच्या यंत्राशी ताडून बघ.

तिथे गुरुवारी बीपीचं क्लिनिक असतं का? असेल तर पहिल्या गुरुवारी मुलांना नुसतं बसू दे आणि तिथली सिस्टर रुग्णाशी कशी बोलते ते ऐकू दे. दुसऱ्या गुरुवारी पट्टा बांधू दे.

औषधवाली:

क्लिनिक मंगळवारी असतं. तसंच करते, ताई.